पहारेकऱ्याशेजारी

टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळात, दरबारात राणीशी बोलणी सुरू झाली, की योद्धा झालेल्या सारंगला काही काम उरत नसे. जादूगारीण गोड बोलायची, चोर थापा मारायचा आणि सारंग तळहातावर फासा घोळवत पुढच्या लढाईची वाट बघायचा.

"तुझा योद्धा काय करतोय?" खेळ चालवणाऱ्या मृण्मयीने विचारलं.

दर वेळी तो "उभा आहे" म्हणायचा. आज म्हणाला, "दारावरचा पहारेकरी एकटाच जेवतोय. त्याच्याशेजारी जाऊन बसतो."

मृण्मयीने पहारेकऱ्याचा घोगरा आवाज काढला. "इकडे कशाला आलास?"

"एकट्याने जेवून कंटाळलोय."

टेबलाभोवती कुणीच हसलं नाही.

"मग घे, अर्धी भाकरी तुझी." घोगरा आवाज हळू झाला होता.

सारंगचा हात नकळत पुढे गेला. टेबलावर नुसते फासे होते.