लहान अँटेना

सेवकरामने मोठा अँटेना मारुतीच्या छतावर टेकवला आणि हाताने धरून ठेवला. "पाहा काका, आता रेंजच्या किती कांड्या आल्या?"

केवळराम गाडीत बसले होते. मोबाइलच्या पाठीवरचं रबराचं बारीक बूच काढून तिथे वायरची पिन खुपसलेली होती. चष्मा सरकवत त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "तीन!" ते ओरडले. "अवो, अंगणात तीन कांड्या आल्या!"

अन्नपूर्णाबाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

साल होतं दोन हजार चार. टॉवर एकच, सडक अर्जुनीचा, आणि त्याची रेंज गावाबाहेर तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, येऊन थबकायची. त्यामुळे पाच वाजायला आले की केवळराम जुनी मारुती काढत, अन्नपूर्णाबाई लुगडं बदलून शेजारी बसत, आणि दोघं पाळीवर जाऊन पुण्याच्या लेकीच्या, रंजिताच्या, फोनची वाट पाहत. लग्नाला तीस वर्षं झाली होती. केवळरामांची नोकरी सौंदड स्टेशनात झेंडी दाखवण्यात सरली. दोघंच कुठे जाऊन बसले असं पहिल्यांदा घडलं ते या पाळीवर.

पण रंजिताला ही दगदग बघवेना. गाडीला बाहेरून अँटेना लावा, अंगणातच रेंज येईल, असा तिने धोशाच लावला. सडक अर्जुनीत हायवेवर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या सेवकरामने मग नागपूरहून दोन अँटेना आणले. मोठा छताला भोक पाडून पेचाने कसायचा. लहान मागच्या काचेवर चिकटवायचा. लहान आधी लावून पाहिला, तर अंगणात एकही कांडी येईना. पाळीवर तेवढा आवाज साफ येईल, सेवकराम म्हणाला, बाकी काही नाही.

"पाडू का मग भोक?" त्याने ड्रिल मशीन उचललं.

तेवढ्यात फोन वाजला. अंगणात वाजलेला तो पहिला फोन. केवळराम लगबगीने बाहेर आले. वायर आखूड होती म्हणून अन्नपूर्णाबाई दार उघडंच ठेवून सीटवर बसल्या. सेवकराम त्यांच्या डोक्यावर अँटेना धरून उभा. कुंपणापलीकडची कुंदाबाई सूप हातात घेऊन पुढे आली.

"हो... जेवली मी. तू जेवली का?" अन्नपूर्णाबाई बोलत होत्या. "हो. बरं हाये."

"रंजीचा फोन होय का व?" कुंदाबाई कुंपणावरून म्हणाली. "काही गोड बातमी हाये का, विचार ना!"

अन्नपूर्णाबाईंची बोटं फोनवर आवळली. दीड महिन्यापूर्वी, चौथा महिना लागला असताना, रंजिताचं बाळ गेलं होतं. गावात ते या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

"सगळं ठीक हाये म्हन्ते," त्या कुंदाबाईकडे पाहून हसल्या. मग फोनमध्ये म्हणाल्या, "ठेवू का बाई?"

केवळरामांनी फोन घेतला. पडद्यावर आकडा होता: एक मिनिट आठ सेकंद. पाळीवर ही बाई अर्ध्या तासाच्या आत कधी फोन ठेवत नसे. रागवायची, समजवायची, डिंकाचे लाडू कसे करायचे ते सांगायची. एक दिवस तर पंधरा मिनिटं काही बोललीच नव्हती, पलीकडचं रडणं नुसतं ऐकत बसली होती, आणि केवळराम तेवढा वेळ तलावातले पाणकावळे मोजत राहिले होते.

"कसा साफ आला आवाज, काकू!" सेवकराम खूश होता. "पाडतो मग भोक."

"नको," केवळराम म्हणाले. "लहानवाला लाव."

"काऊन? तो घरी एक कांडी नाही देत. आत्ताच पाह्यलं ना तुमी."

"छताले भोक पाडून कोन ठेवते? पावसाचं पानी गळन."

"रबर बसवतो ना मी. एक थेंब नाही येनार."

"सांगतलं ना तुले. लहानवाला."

सेवकरामने अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. "तुमीच सांगा काकू. कायले लावून राहिले हे तो?"

अन्नपूर्णाबाई नवऱ्याकडे पाहत होत्या. "त्यायची गाडी हाये," त्या हळूच म्हणाल्या. "त्यायले कोन सांगन?" आणि लुगडं बदलायला आत गेल्या.

सेवकरामने काच पुसली, अँटेना चिकटवला, पाच मिनिटं अंगठ्याने दाबून धरला आणि मान हलवत आपल्या दुकानी निघून गेला.

ऊन उतरायच्या आत मारुती पाळीवर पोचली. केवळरामांनी मिसकॉल दिला. रंजिताचा लगेच फोन आला.

"बाबा, लागला का अँटेना?"

"लागला."

"मग अंगणातून बोलून राहिले ना?"

"नाही बाई. मघा थोडं पकडलं, पन भरोसा नाही त्याचा. पाळीवर यावंच लागते." त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि दार उघडलं.

"तुमी कुठी चालले?"

"पाय मोकळे करतो. बोला तुमी मायलेकी."

त्यांनी दार लावून घेतलं आणि पाळीवरून चालत गेले. पळसाच्या झाडाशी थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं. आवाज इथवर येत नव्हता. काचेआड अन्नपूर्णाबाईंनी फोन कानाशी धरला होता, आणि त्यांचा मोकळा हात डॅशबोर्डवर हलके हलके थापटत होता, तान्हं मूल निजवताना थापटावं तसा.