परसातलं लॉन

पुण्याहून आलेल्या दादानं परसाचा नकाशा काढला आणि जाहीर केलं, “मागं लॉन करू.” दादाच्या भाषेत लॉन म्हणजे गवत. आमच्या पालम गावात लॉन म्हणजे लग्नाचं कार्यालय. बाबा तडक गावभर सांगून आले. तासाभरात शेजारचे येडबाकाका पोरीच्या लग्नासाठी आमची जागा मागायला हजर. आई नकाशा बघून आधीच तापली होती. “कारंजं हाय, झोपाळा हाय, अन् न्हाणी कुठंय? लग्न झाल्यापासून मी उघड्यावर लुगड्याच्या आडोशाला न्हायलेय!” “कुणी बघितलं का इतक्या वर्षांत? गप बस,” बाबा म्हणाले. येडबाकाकांनी सुपारी कातरत विचारलं, “पण वऱ्हाडातल्या बाया न्हायच्या कुठं?” बाबा ताडकन उठले. “बराबर हाय! बायांच्या आब्रूचा सवाल हाय. उद्याच चार भिंती बांधतो.” आईनं हातातला तांब्या दाणकन आदळला. “भावजी,” ती म्हणाली, “मला बी तुमच्या वऱ्हाडात धरा.”