पाटीवर आधी कोण

माझा थोरला, कोलम, माझं म्हणून काही ऐकत नाही. गोठा रंगव म्हटलं, तर तोच रंग घेऊन पबची पाटी रंगवत बसला.

तो व्हायोलिन वाजवतो, धाकटा फिंटन अकॉर्डियन वाजवायचा. दोघे जोडीने पबमध्ये वाजवायचे; तिथल्या पाटीवर जोडीच्या नावात आधी कोण, यावरून ईस्टरला दोघे भांडले. कोलम हटूनच बसला, "थोरल्याचं नाव आधी." फिंटन वाद्य टाकून मासेमारीच्या बोटीवर गेला. बोट परत आलीच नाही.

आज पाटीवर लिहिलंय, "फिंटन आणि कोलम".

"आई, बघ, त्याला पुढे केलंय."

"थोरला आधी, हे तुझ्या डोक्यात मीच भरवलं होतं. गाढवा, जन्मात माझं तेवढं एकच का ऐकलंस?"