बाकाचे दुसरे टोक

गिरणीला टाळे लागल्यावर हरिभाऊंनी लग्नाचे फोटो काढून संसार चालवायचे ठरवले. अंधाऱ्या, अरुंद खोल्यांत मागे सरकायला जागा नसते. म्हणून बडा गणपतीच्या देवळाजवळच्या दुकानात ते कमी उजेडात चालणारी रुंद कोनाची लेन्स पारखत होते. समोरच्या बाकावर, हाताच्या अंतरावर, पत्नी अरुंधतीबाई बसल्या होत्या.

पहिल्या लेन्समधून बाक दिसला. बाई दिसल्या नाहीत.

“जरा मधे सरक.”

“अहो, मधेच तर बसलेय!”

कॅमेरा खाली घेतला, तर बाई बाकाच्या कडेला होत्या.

दुकानदार नीरजने आणखी रुंद लेन्स चढवली. “भिया, इसमें पूरी बरात समा जाएगी.”

दोन्ही भिंती आल्या, दार आले. रिकामा बाक मात्र चौकटीबाहेर लांबतच गेला होता. हरिभाऊंनी घाईने कॅमेरा उतरवला. बाई दूर, दारापाशी बसलेल्या होत्या.

“भिया, अब ये लास्ट. इससे चौड़ी आती नहीं.”

त्या लेन्समध्ये रस्ता मावला, देवळाचा कळसही मावला. बाक रस्त्यापलीकडे गेला होता.

“अहो, दिसतेय ना मी?” कुठून तरी फार लांबून हाक आली.

कॅमेरा डोळ्यांवरून खाली घ्यायचा, एवढेच उरले होते. तेवढेच हरिभाऊंच्याने होईना.