आहे तसं घर

“शाळेची घंटा कशाची हाय?” शिवकन्यानं टाइप केलं.

उत्तर लगेच आलं. “नांगराच्या फाळाची. आधी रुळाचा तुकडा हुता, त्यो चोरीला गेला.”

शिवकन्या खुश झाली. औशाच्या खोलीत रविवारची दुपार, मोरीत भांडी तशीच पडलेली, आणि ही बाई लॅपटॉपपुढे परीक्षा घेत बसलेली. हाडाची मास्तरीण. आठवडाभर शाळेत पोरांची परीक्षा, रविवारी खेळाच्या सर्व्हरवर नव्यानं येणाऱ्यांची. सर्व्हर चिंचबोरीकरांचा होता. गाव मुखेडच्या पलीकडे, आणि तिथली पोरंपोरी पोटापाण्यासाठी नांदेड, लातूर, पुण्याला पांगलेली. ठोकळ्यांनी घरं बांधायच्या त्या खेळात सगळ्यांनी मिळून एक गाव वसवलं होतं. आत येणारा चिंचबोरीचाच पाहिजे, परक्याला बाहेरूनच वाटाण्याच्या अक्षता.

“कुणाचा तू?”

“वरच्या आळीच्या दगडोबाचा नातू. वैजनाथ. पुण्याला कंपनीत हाय.”

“माइक का लावत न्हाईस?”

“बिघडलाय ताई. लिहूनच सांगतो.”

आवाज ऐकल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही, हा नियम तिनंच केलेला. तिनं पुढचा प्रश्न टाकला. “बाजाराच्या गाडीत डायवरशेजारी कोण बसतं?”

“पारूबाई. मागं बसलं की तिला मळमळतं. महादेवाच्या नंदीचा डावा कान तुटलाय, ते बी सांगू का?”

शिवकन्या एकटीच मोठ्यानं हसली. एवढं अस्सल उत्तर वर्षभरात कुणी दिलं नव्हतं. आवाजाचं राहू दे, म्हणाली, आणि दार उघडलं.

रिवाजाप्रमाणे तिनं त्याला गावात फिरवलं. नव्या माणसाला घरोघर न्यायचं, प्रत्येक दारात त्याच्या हातावर भाकर ठेवायची. खेळात तो पाव असतो, पण हे गावकरी त्याला भाकर म्हणायचे. वैजनाथ भाकरी घेत होता, पुढे चालत होता. कुणाची चौकशी नाही, थट्टा नाही. पोरगा लाजाळू दिसतो, असं तिला वाटलं.

“आपला नियम एकच,” तिनं लिहिलं. “आत्ता जिथं राहतो ते घर जसं हाय तसं बांधायचं. म्हंजे कोण कुठं, कसं राहतं, ते गावाला दिसतं.”

“चांगला नियम हाय.”

ओळीतल्या शेवटच्या घराशी तो थांबला. गुलाबी रंगाची तीन मजली इमारत, समोर पाण्याची उंच टाकी, टाकीवर काळ्या ठोकळ्यांनी काढलेला नऊचा आकडा. दारावर पाटी होती, पुनम. आत कुणीतरी होतं, खिडकीत उजेड दिसत होता.

पुनम म्हणजे करिश्मा, हे फक्त शिवकन्याला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तिनं घरच्यांच्या मर्जीविरुद्ध महांतेशशी लग्न केलं आणि पत्ता कुणाला न सांगता लातुरात जाऊन राहिली. भागवतनं, तिच्या सख्ख्या भावानं, पारावर चारचौघांत सांगितलं होतं की सापडल्या दिवशी दोघांनाही जित्तं ठेवणार नाही. तो पोकळ बोलणारा माणूस नव्हता.

वैजनाथनं घराला एक फेरी मारली. मग दुसरी. जिन्यानं गच्चीवर गेला आणि चारी बाजूंना बघत उभा राहिला.

“आजूबाजूचं बी बांधलंय.”

“तिला हौस लई,” शिवकन्यानं लिहिलं. “एक वीट इकडची तिकडं न्हाई.”

“टाकीवर नऊच हाय न्हवं खरोखर?”

तिनं “हाव” लिहिलं आणि पाठवलंही. मग तिच्या मनात आलं, खऱ्या टाकीशी याला काय करायचंय?

तो खाली उतरला. दारापुढे आला.

“तुळस डाव्या हाताला लावली. आई किती बार सांगायची, उजव्या हाताला लाव. आजबी घरात तेच बोलून राहती. हिनं कधी ऐकलंच न्हाई.”

 शिवकन्यानं घाईघाईनं त्याला बाहेर काढायचं बटण शोधलं, पण तोवर तो स्वतःच निघून गेला होता. दारातली भाकर तेवढी त्यानं घेतली नव्हती.

तिसऱ्यांदा लावल्यावर करिश्मानं फोन उचलला.

“घर सोड. आत्ताच्या आत्ता. भागवत येऊन गेला.”

“कुठं?”

“सर्व्हरवर. वैजनाथचं नाव सांगून आला, मीच घेतलं आत. टाकी बघितली, नंबर बघितला, सगळं बघितलं त्यानं. मुखेडहून तिथं यायला तीन तास बी लागायचे न्हाईत. महांतेशला बोलव अन् निघ, बाई!”





“तू कसं वळखलंस, त्योच हुता म्हणून?”

“तुळशीवरून. डाव्या हाताला का लावली म्हणला. आई अजून घरात बोलती म्हणला. ते जाऊ दे, तू कपडे भर आधी.”

“आई बोलती?” करिश्माचा आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला. “घरात माझं नाव निघतं अजून?”

“करिश्मा, तुझ्या पाया पडते.”

फोन चालूच होता. शिवकन्यानं लॅपटॉपकडे पाहिलं. गुलाबी घराचं दार उघडलं होतं. पुनम बाहेर आली, थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं डाव्या हाताची तुळस काढली आणि दाराच्या उजव्या हाताला लावली.