शाकाचा महिना

मुनियप्पाची गाय मागच्या दारी उभी होती आणि काही केल्या हलत नव्हती. त्याने दोरी ओढली, पाठीवर थाप मारली, शिव्या दिल्या. गाय मोरीजवळच्या दगडाकडे बघत राहिली.

"हिला झालंय काय रे?" पद्मावतीबाईंनी कानडीत विचारलं.

"लाडावलीय, अम्मा. तुमची सून रोज ह्या वेळेला सोप्पु घालते ना हिला. शिजवलेला, फोडणी दिलेला! माझ्या घरी मलासुद्धा मिळत नाही." मुनियप्पा हसला. "पण दूध घट्ट झालंय हं. आता मी पाणी घातलं तरी तुम्हाला कळायचं नाही."

पद्मावतीबाई हसल्या नाहीत. दगडावर त्या सोप्पुची, माठाच्या पालेभाजीची, दोन-तीन शिजलेली पानं चिकटली होती.

आषाढातल्या एकादशीपासून ह्या घरात भाजीपाला येत नसे. पहिला महिना शाकाचा, म्हणजे भाजी नाही, दुसरा दही नाही, तिसरा दूध नाही, चौथा डाळी नाहीत. त्यांच्या सासूने पाळलं, त्यांनी पाळलं. पण फाल्गुनात त्यांच्या सुनेचं, अहल्येचं, पहिलं मूल पाचवी पुजायच्या आत गेलं. त्याच्या पाठीचा कणा मिटलेलाच नव्हता. त्यानंतर अहल्येने सोमवार धरले, शनिवार धरले, शुक्रवारी बनशंकरीला लिंबाचे दिवे लावायला ती उपाशीपोटी जाऊ लागली. मूल व्हावं म्हणून ती जेवायचीच थांबली होती म्हणा ना. शेवटी पद्मावतीबाईच तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. त्यांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि काय काय खायचं ते सांगितलं. पालेभाजी, दही, दूध, डाळी. आमचा चातुर्मास बाईंना कुणी सांगितला, असं पद्मावतीबाईंना क्षणभर वाटलं.

"हे सगळं आधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "दिवस गेल्यावर धावत येऊ नका. हिच्याच अंगात काही नाही, ती मुलाला देणार काय?"

तेव्हापासून पद्मावतीबाई मागच्या अंगणात शेगडीवर वेगळ्या पातेल्यात माठ शिजवत होत्या. ते पातेलं घरात आणत नसत. एक वाटी अहल्येला द्यायची, पुन्हा अंगावर पाणी घ्यायचं आणि मग सोवळ्यात देवाच्या स्वयंपाकाला लागायचं. त्यांच्या मुलाला, हयवदनला, ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तो सकाळीच टेलिफोनच्या कारखान्याच्या बसने निघून जाई.

अहल्या मागच्या पडवीत पानावर बसली होती. पुढ्यात भात आणि मिऱ्याचं सार. वाटी घासून पालथी घातलेली.

"भाजी खाल्लीस?"

"हो, अत्ते."

"मग त्या गाईचं तोंड हिरवं कशाने झालं?"

अहल्येचा हात भातातच राहिला.

"मी सोवळं बाजूला ठेवून रांधते, दोनदोनदा अंघोळ करते, ते मुनियप्पाच्या गाईचे डोहाळे पुरवायला?"

"घास तोंडाशी नेला की त्याची पाठ दिसते, अत्ते." अहल्या खाली बघून बोलत होती. "मागच्या आषाढात मी माहेरी होते. वहिनीने दोडक्याची भाजी वाढली आणि मी खाल्ली. शाकाचा महिना, आणि खाल्ली. म्हणून तर झालं ना ते?"

"कुणी सांगितलं तुला?"

अहल्येने मान वर केली. "तुम्हीच. त्याला फडक्यात गुंडाळून नेलं तेव्हा. व्रत मोडलं की असंच होतं, म्हणालात."

पद्मावतीबाई खांबाला टेकल्या. तसं त्या म्हणाल्या असतील. त्या दिवशी काय काय बोलल्या, त्यांना आठवत नव्हतं. कुणावर तरी ढकलायचं होतं, एवढं मात्र आठवत होतं.

"अगं, ते रागाच्या भरात..."

"खोटं होतं का ते?"

त्यांनी चातुर्मास कधी मोडलाच नव्हता. मोडला असता तर काय झालं असतं, हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं?

त्या अंगणात गेल्या आणि पातेलं घेऊन पडवीत आल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी ह्या महिन्यात साधी कोथिंबिरीची काडीही तोंडात घातली नव्हती. त्या सुनेसमोर जमिनीवर बसल्या, तिच्याच पानातला भात पुढे ओढला, त्यावर भाजी उपसून घेतली, कालवली आणि मोठा घास तोंडात कोंबला.

"बघ," भरल्या तोंडाने त्या म्हणाल्या. "कोसळलं का आभाळ? काय पाप लागायचं ते मला लागू दे. तू खा. पोटात काही राहायच्या आधी अंगात जरा रक्त येऊ दे, बये."

अहल्या मागे सरकली. उष्टा हात तसाच ठेवून तिने डावा हात ओटीपोटावर दाबून धरला, कुणाला तरी आड घ्यावं तसा.

तेव्हा कुठे पद्मावतीबाईंच्या ध्यानात आलं. ह्या महिन्यात अहल्या बाहेर बसली नव्हती.

"अत्ते, काय केलंत हे," अहल्या म्हणाली. "माझं मी सांभाळत होते. आता तुमचं पाप ह्याच्यावर आलं म्हणजे?"

तोंडातला घास पद्मावतीबाईंना गिळवेना आणि थुंकवेना.