पांढरी चिंधी

वानरं हाकायला नेलेली आमची ठासणीची बंदूक विश्राम भावजींनी आठवड्याने परत आणली. वरून मेलं खोबरेल चोपडून नुसती चकचकीत केलेली. "एकही बार काढला नाही, वहिनी."

मी बंदुकीच्या लोखंडी गजाला पांढरी चिंधी गुंडाळून नळीत घातली. देताना घातली होती, तेव्हा कोरीच बाहेर आली होती. आता काळीकुट्ट निघाली. कढत पाणी ओतून नळी उलटी केली, तर गटारासारखं पाणी आणि जळलेल्या दारूची, सडक्या अंड्यांसारखी घाण.

आमची कुत्री खैरी याच आठवड्यात नाहीशी झाली होती. भावजींच्या कोंबड्यांमागे धावायची ती. बिबट्याने नेली, असं सांगत तेच गावभर फिरले होते.

भावजींनी नाक दाबलं. "शी! काय मेलंय इथे?"

"खैरी," मी म्हटलं.